पोटातल्या गाठींचं नाव कळायला लागलेले तेरा महिने

२०२३ च्या जूनमध्ये मिरगाचा पाऊस लागला, त्याच आठवड्यात मला अर्ध्या भाकरीत पोट भरल्यासारखं वाटायला लागलं. त्याला नाव मिळालं ते २०२४ च्या जुलैत: जठराचा सार्कॉइडोसिस, म्हणजे शरीरात बारीक गाठी होणारा एक आजार. मधल्या तेरा महिन्यांत पाच डॉक्टर झाले, चार एंडोस्कोपी झाल्या, टीबीच्या गोळ्या खाऊन झाल्या आणि साधारण एक लाख पस्तीस हजार रुपये गेले. मराठीत याबद्दल शोधलं तर माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं, रिपोर्टमधला एकेक शब्द विचारत विचारत समजून घ्यावा लागला. म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, बेळगावात शहापूरला एका पतसंस्थेत क्लार्क आहे. हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये की सुरू करू नये. डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मात्र इथून जरूर घ्यावं.

सुरुवातीचं सगळं तुमच्या-माझ्या घरात होतं तसंच झालं. जेवलं की छातीखाली भरून यायचं, जळजळ व्हायची, दुपारी पतसंस्थेत डबा उघडला तरी दोन घासांवर हात थांबायचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. गणपती झाल्यावर थकवा फार वाढला म्हणून रक्त तपासलं. ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं, म्हणून दर आठवड्याला साठ हजार युनिटची पुडी आणि रोज कॅल्शियमची गोळी सुरू झाली. ही पुडी लक्षात ठेवा, पुढे तिचंच मोठं काम आहे.

ऑक्टोबरपासून मला तहान फार लागायला लागली. रात्री चार-पाच वेळा उठायचे. बद्धकोष्ठ तर असं की चार-चार दिवस पोट साफ नाही. साखर तपासली, ती बरोबर निघाली, आणि तो विषय तिथंच संपला. दिवाळीत वजन ५८ वरून ५१ वर आलं होतं. फराळाच्या वासानंच मळमळायचं. सासूबाई भाऊबीजेला माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “अगं, अंगावर काय ऱ्हाईलंय तुझ्या? किती सोसूचं?” तेव्हा आमच्या ह्यांनी ठरवलं की आता मोठ्या दवाखान्यात जायचं.

पहिली एंडोस्कोपी १४ डिसेंबरला झाली, जठरातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीसकट (बायोप्सी) ३,२०० रुपये. दुर्बिणीची भीती असते, मलाही होती. घशात फवारा मारतात, तो कडू असतो. घसा बधिर झाला की गिळता येत नाही असं वाटून जीव घाबरतो, पण नाकानं सावकाश श्वास घेत राहिलं की चार-पाच मिनिटांत आटोपतं. जठराचा खालचा भाग लाल, सुजलेला आणि घड्या जाड दिसल्या. तुकड्यात एच. पायलोरी जंतू सापडला. चौदा दिवस अँटिबायोटिक घेतली. जंतू गेला, त्रास तसाच राहिला. जानेवारीत उलट्या सुरू झाल्या.

दुसरी एंडोस्कोपी ८ फेब्रुवारीला. ह्या वेळी दुर्बीण आत असतानाच डॉक्टर गप्प झाले, हे मला पडल्या पडल्या कळलं. जठराचा शेवटचा भाग आखडून अरुंद झालाय, भिंत ताठ आहे, वर बारीक उंचवटे आणि जखमा आहेत, असं त्यांनी नंतर ह्यांना बाहेर सांगितलं. असं जठर कॅन्सरातही दिसतं. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस आम्ही दोघांनी एकमेकांशी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मी रात्री मुलीच्या दहावीच्या वह्यांना कव्हरं घालत बसायचे.

१६ फेब्रुवारीला रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, ‘ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन’. कॅन्सर नाही हे वाचून ह्यांनी तिथंच खुर्चीवर बसून डोळे पुसले. पण ग्रॅन्युलोमा हे रोगाचं नाव नाही, हे कळायला मला बरेच दिवस लागले. शरीराला एखादी गोष्ट संपवता येत नाही, तेव्हा पेशी तिच्याभोवती गोळा होऊन बारीक गाठ बांधतात, ती ग्रॅन्युलोमा. टीबीत अशी गाठ होते, क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारात होते, काही बुरशींमुळे होते, सिफिलिसमध्ये होते आणि सार्कॉइडोसिसमध्येही होते. सार्कॉइडोसिसमध्ये ती कशाभोवती बांधली जाते, हे अजून कुणाला नीट माहीत नाही. गाठ दिसली म्हणजे शोध सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आपल्या देशात गाठ म्हटली की आधी टीबी. डॉक्टरांनी तेच म्हटलं आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते दुसरीकडे. काढलेले सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये टाकले होते. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करता येत नाही. त्यासाठी एक-दोन तुकडे साध्या सलाइनमध्ये वेगळे ठेवावे लागतात. ते कुणी ठेवले नव्हते, म्हणून २७ फेब्रुवारीला तिसऱ्यांदा दुर्बीण घालावी लागली. ज्यांना डॉक्टरांनी दुर्बिणीच्या आधी ‘टीबीची शंका आहे’ असं म्हटलंय, त्यांनी टेबलावर आडवं होण्याआधी एवढंच विचारा: “सलाइनमध्येही तुकडा ठेवणार ना?” विचारण्यात काही उद्धटपणा नाही. मला ते वाक्य माहीत असतं, तर एक दुर्बीण, अकरा दिवस आणि साडेतीन हजार वाचले असते.

जीन-एक्स्पर्टचा, म्हणजे टीबीच्या जंतूचं जनुक शोधणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट दोन दिवसांत आला, निगेटिव्ह. कल्चरला बेचाळीस दिवस लागतात, ते घाई करून लवकर येत नाही. तोवर वजन ४६ झालं होतं. जठरातल्या टीबीत जंतू इतके थोडे असतात की तपासणीत सापडतीलच असं नाही, म्हणून ६ मार्चला टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. वजनाप्रमाणे रोज तीन गोळ्या, सकाळी. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. ती रिफॅम्पिसिनमुळे होते, घाबरायचं नसतं, हे नर्सनं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं.

टीबीचं औषध सुरू झालं की सरकारच्या ‘निक्षय’ ह्या टीबी-नोंदणीच्या पोर्टलवर नाव नोंदवावंच लागतं, खासगी डॉक्टरांकडे असलात तरी. आधार आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स लागली. खातं आधारला जोडलेलं हवं. माझं नव्हतं, त्यात दोन आठवडे गेले. पोषणासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत. आशाताई घरी आल्या. अर्ज कन्नडमध्ये होता, मला तिसरी भाषा म्हणून शिकलेलं कन्नड अक्षर लावून लावून वाचता येतं. “रोगिय हेसरु” (रुग्णाचं नाव) इथपर्यंत माझं मी भरलं, पुढचं त्यांनी समजावून सांगितलं. त्या बाईंचा स्वभाव इतका चांगला की घरात शिरताना मोठ्यानं टीबी हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. तरी गल्लीत कळायचं ते कळलंच. सासूबाईंच्या बहिणीनं माझं ताट-वाटी वेगळी ठेवायला सांगितलं. सासूबाईंनी त्यांच्यासमोर माझ्याच ताटात जेवण वाढून घेतलं आणि काही न बोलता जेवल्या. हे मी विसरणार नाही.

१२ एप्रिलला कल्चर आलं, निगेटिव्ह. टीबीच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत जखमा भरायला हव्यात, म्हणून १६ मे रोजी चौथी एंडोस्कोपी केली. जठर जसंच्या तसं. वजन ४५. हा हट्टी टीबी असेल, गोळ्या बदलून जास्त कडक कोर्स करू, असं तिथं ठरायला लागलं. त्याच रात्री मिरजेहून वन्संचा फोन आला: “वहिनी, तिकडचं सगळं घ्या आणि इकडं या. निदान दुसऱ्या डोळ्यानं बघू दे.”

आमच्या भागात मिरजेला दाखवणं ही काही नवी गोष्ट नाही. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, रायबाग, कुडचीची माणसं आगगाडीनं मिरजेला जात आलीत. माझ्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशनही मिरजेतच झालेलं.

‘तिकडचं सगळं’ म्हणजे कागद, असं मला वाटलं होतं. वन्संनी डॉक्टरांना विचारून कळवलं की काचा, म्हणजे तुकड्याचे काप लावलेल्या स्लाइड, आणि ब्लॉक दोन्ही हवेत. ब्लॉक म्हणजे आपला तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो चौकोन. त्यातून पुन्हा पातळ काप काढून नवे रंग देता येतात, म्हणून तो काचेपेक्षा महत्त्वाचा. लॅबमध्ये आधी “ब्लॉक देत नाही” म्हणाले. लेखी अर्ज केला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, आधारची झेरॉक्स आणि ५०० रुपये अनामत भरली, मग तिसऱ्या दिवशी मिळाला. हातात आला तेव्हा मी बघतच राहिले. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीवर नखाएवढं मेण, आत तांदळाच्या कण्यांसारखे चार करडे ठिपके, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. ह्या चार कण्यांसाठी सगळं घर पाच महिने झोपलं नव्हतं.

मेण उन्हानं मऊ होतं, गाडीत उन्हात ठेवू नका, असं लॅबच्या मुलानं बजावलं होतं. २७ मेला आम्ही आगगाडीनं निघालो. ह्यांनी स्टीलच्या डब्यात कापूस घालून ब्लॉक ठेवला आणि घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरज येईपर्यंत तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी मला बोलायला लावलं. पोटाचं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, रात्री लघवीला किती वेळा उठता?” मी म्हटलं, पाच वेळा. “पाणी?” दोन-तीन तांबे रात्रीचेच. “कधीपासून?” मागच्या ऑक्टोबरपासून. “रक्तातलं कॅल्शियम कधी तपासलंय?” आम्ही फाइल उलटीपालटी केली. वर्षभरात पंचवीस-तीस रिपोर्ट झाले होते, कॅल्शियम एकाही कागदावर नव्हतं.

संध्याकाळी ते आलं: १२.४. साधारण साडेदहापर्यंत चालतं. सार्कॉइडोसिसच्या गाठी स्वतःच ‘ड’ जीवनसत्त्वाचं तयार, जोरदार रूप बनवतात आणि त्यामुळे शरीरात कॅल्शियम वाढत जातं, हे त्यांनी कागदावर बाण काढून समजावलं. त्यावर मी वरून पुड्या आणि गोळ्या खात होते. आठ आठवड्यांचा कोर्स संपल्यावरही महिन्याला एक पुडी चालूच होती. तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, गळून जाणं, ह्यातलं बरंचसं त्या कॅल्शियमचं होतं. पुडी त्याच दिवशी बंद झाली. दोन दिवस भरती करून सलाइन लावलं. इतकी साधी तपासणी, दीडशे रुपयांची. ज्यांच्या रिपोर्टवर ग्रॅन्युलोमा शब्द आलाय त्यांनी ‘ड’ची पुडी फोडण्याआधी डॉक्टरांना कॅल्शियमबद्दल विचारा, हे मी हात जोडून सांगते.

तिथं पहिल्यांदा सार्कॉइडोसिस हा शब्द ऐकला. ह्यांना तो ‘सार्कोमा’ असा ऐकू आला आणि चेहराच उतरला. डॉक्टरांनी ओळखलं. म्हणाले, नावं जवळची आहेत कारण बोएक नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरांना १८९९ मध्ये कातडीवरच्या अशा गाठी सार्कोमासारख्या दिसल्या, ‘सार्कोमासारखं’ म्हणून सार्कॉइड. कॅन्सर नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. बहुतेकांना तो फुफ्फुसात आणि छातीतल्या गाठींत असतो. पोटाचा त्रास देणारा शंभरात एकालाही नसतो, आणि पोटात झालाच तर जास्त करून जठरात. इतका दुर्मीळ असल्यामुळे तो सगळ्यात शेवटी म्हणायचा, बाकीचं एकेक खोडून.

जून महिना ह्या खोडण्यात गेला. छातीचा सीटी केला, साडेचार हजार. फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्याच गाठी. फेब्रुवारीच्या एक्स-रेमध्येही तिथं थोडं भरलेलं दिसत होतं, तेव्हा ते टीबीच्या खात्यात गेलं होतं. हातावर टीबीच्या मॅन्टू चाचणीची सुई टोचली, तिसऱ्या दिवशी शून्य मिलिमीटर. आपल्याकडे मोठ्या माणसांत पुष्कळांची ही चाचणी थोडीफार तरी उठते, सार्कॉइडोसिसमध्ये मात्र ती दबते. रक्तातलं ‘एसीई’ नावाचं एंझाइम दुपटीच्या वर होतं, पण एवढ्यावर काही ठरत नाही असं त्यांनी आधीच सांगितलं. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) करताना मला संकोच वाटला. वाटून घेऊ नका, यादीतलं नाव खोडायचं असतं एवढंच. क्रोन्ससाठी कोलोनोस्कोपी झाली. आदल्या दिवशीचं ते खारट-गोडसर औषध दोन लिटर संपवणं हेच त्यातलं अवघड, गार करून लिंबाच्या फोडीबरोबर प्यायलं तर जातं. मोठं आतडं स्वच्छ निघालं.

एक प्रश्न मला अनपेक्षित होता: घरात कुणी कारखान्यात आहे का? आमचे हे उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. बेरिलियम नावाच्या धातूच्या धुळीनं हुबेहूब अशाच गाठी होतात, म्हणून विचारलं. कपडे कुठं झटकता, कोण धुतं, सगळं लिहून घेतलं. ह्यांच्याकडे लोखंडाचं ओतीव काम, बेरिलियमचा संबंध नाही, तेव्हा तेही खोडलं गेलं. पण ह्यांनी त्या दिवसापासून कामाचे कपडे तिथंच बदलून यायला सुरुवात केली.

मेणाच्या ब्लॉकमधून नवे काप काढून टीबीचे आणि बुरशीचे रंग दिले, काही सापडलं नाही. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. जांभळ्या-गुलाबी पसाऱ्यात गोल, घट्ट, एकमेकांना खेटून बसलेल्या गाठी. त्या म्हणाल्या, टीबीच्या गाठीचा मधला भाग बहुतेक वेळा मेलेला असतो, कुस्करलेल्या पनीरसारखा. तुमच्या गाठी मधेपर्यंत जिवंत आहेत. रिपोर्टमध्ये ‘नॉन-केसिएटिंग’ लिहितात ते हेच.

शेवटचा पुरावा छातीतल्या गाठींचा हवा होता. २१ जूनला बेळगावात ईबस केलं. श्वासनलिकेत सोनोग्राफीची दुर्बीण घालून सुईनं गाठीतला अंश घेतात. अठ्ठावीस हजार, सगळ्यात मोठा एकरकमी खर्च. ह्या वेळी सलाइनची बाटली मी स्वतः विचारून घेतली. तिथंही तशाच गाठी, एक्स्पर्ट निगेटिव्ह.

पैशांचं एक सांगते. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचं कार्ड आहे, त्याला आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना खुली केली. दोन्हीकडे मी विचारलं. पण माझ्या बहुतेक तपासण्या ओपीडीतल्या, त्या कुठंच बसल्या नाहीत. पतसंस्थेतून कर्ज काढलं. तुम्हाला भरती व्हावं लागणार असेल तर त्या आधीच दोन्ही ठिकाणी चौकशी करा, नंतर धावून उपयोग होत नाही.

९ जुलैला डॉक्टरांनी फाइलवर ठळक अक्षरांत ‘सार्कॉइडोसिस’ लिहिलं. ईबसचं कल्चर यायचं होतं, तरी फेब्रुवारीचं कल्चर, गोळ्यांना न मिळालेला प्रतिसाद, कॅल्शियम, दोन ठिकाणच्या गाठी, सगळं एका दिशेला होतं. उपचार म्हणजे स्टेरॉइड. टीबी असताना चुकून नुसतं स्टेरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो, म्हणून इतके दिवस सगळे जपून पावलं टाकत होते, हे मला त्या दिवशी समजलं आणि मनातला बराच राग निवला. सुरू करण्याआधी डोळ्यांची आतून तपासणी, ईसीजी आणि टू-डी एको झालं, कारण हा आजार डोळ्यांत आणि हृदयात गुपचूप बसू शकतो. दोन्ही ठीक निघाले. निक्षयवरचं नाव बंद करायला निदान बदलल्याचं डॉक्टरांचं पत्र द्यावं लागलं. ते मागून घ्या, नाहीतर गोळ्या चुकवल्या म्हणून फोन येत राहतात.

१० जुलैपासून सकाळी नाश्त्यानंतर चाळीस मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. तिसऱ्या दिवशी दुपारी पतसंस्थेत भूक लागली. वर्षभरात पहिल्यांदा. मी डबा संपवून शेजारच्या टेबलावरच्या वहिनींची आंबोळी मागून घेतली. दहा दिवसांत कॅल्शियम साडेदहाच्या आत आलं, रात्रीची झोप सलग झाली. तोंड सुजलं, साखर थोडी वाढली, चिडचिड होते आणि ती घरच्यांना सोसावी लागते, हेही खरं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ईबसचं कल्चर आलं, निगेटिव्ह. त्या कागदाची मी वाट बघत होते, कुणाला बोलले नव्हते.

१७ ऑक्टोबरला पाचवी एंडोस्कोपी. जखमा भरल्यात, आखडलेला भाग सैल झालाय, उंचवटे थोडे आहेत. वजन ५३. आता गोळी पंधरावर आली आहे. ती एकदम बंद करायची नाही, वर्षभर तरी हळूहळू उतरवत न्यायची आहे. ब्लॉक मी लॅबमध्ये परत केला, त्याची पावती आणि नंबर फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवलाय. पुढची तारीख २८ नोव्हेंबर, उपाशीपोटी साखर आणि कॅल्शियम.